धुराची वाट

हिवाळ्याच्या पहाटे एटापल्ली, धानोरा किंवा मूल परिसरातील गावांतून जाताना कवेलूंच्या फटींतून झिरपणारा निळसर धूर दिसतो. वाटसरूला ते दृश्य रम्य वाटते. त्याच छपराखाली फुंकणी घेऊन बसलेल्या गृहिणीचे डोळे मात्र चुरचुरत असतात आणि कुशीतले मूल खोकत असते. चुलीच्या धुरामुळे बालकांतील न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावपातळीवरील उपचारांनी बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू घटवता येतात हे दाखवले. तो अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मोलाचे खरेच. परंतु घरातला धूर बाहेर घालवणे ही त्याआधीची पायरी होय.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस दारी आला, तरी सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च अनेकांना झेपत नाही. सरपणासाठी जंगलात जावे, तर चंद्रपूर जिल्ह्यात वाघाची भीती. कमी लाकडात स्वयंपाक आणि धुराविना घर ही म्हणूनच येथे दुहेरी गरज आहे.

१९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाचा हेतूही हाच होता. २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली दिल्या गेल्या. पुढे त्यांतील असंख्य बंद पडल्या. देखभाल हे त्यामागचे एक मोठे कारण होते. नळी तडकली किंवा काजळीने बुजली, की धूर घरात उलटतो आणि गृहिणी पुन्हा तीन दगड मांडते. निर्धूर चुलीचा जीव तिच्या नळीत असतो.

ही नळी साधारण तीन ते चार इंच व्यासाची असते आणि मागच्या वैलाला जोडून उभी केली जाते. ती शक्यतो सरळ वर न्यावी. प्रत्येक वळणाला धूर मंदावतो आणि तेथे काजळी साचते. आडवा भाग टळत नसेल, तर तो आखूड आणि बाहेरच्या बाजूला चढता ठेवावा. पत्र्याच्या नळ्या जोडताना वरच्या नळीचे टोक खालच्या नळीच्या आत बसवावे, म्हणजे डांबरी पाझर बाहेर न ओघळता आतूनच खाली उतरतो.

नळीचा सारा भार चुलीवर टाकू नये. दर चार फुटांवर लोखंडी पट्टीने ती भिंतीला बांधावी. अन्यथा वादळात ती हलते, सांधे सुटतात. पत्र्याची उघडी नळी वासे व बांबूपासून दीड फूट दूर असावी. गवती छपरातून ती नेऊच नये, भिंतीतून बाहेर काढावी. छपराबाहेर पडते तेथून ती किमान तीन फूट उंच न्यावी आणि दहा फुटांच्या आतील कोणत्याही आढ्यापेक्षा दोन फूट वर ठेवावी. माथ्यावर पावसासाठी टोपी हवी. जुनी ॲस्बेस्टॉसची नळी घरी कापू वा घासू नये. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या घरी भुशाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारी शेगडी कोणी पाहिली असेल. तेथे विजेचा पंखा धूर नळीतून बाहेर ढकलतो. सांधा किंचित सैल असला तरी धूर खोलीत शिरतो. म्हणून प्रत्येक सांधा उष्णता सोसणाऱ्या लांबीने बंद करतात आणि वळणापाशी सफाईचे झाकण ठेवतात. आपल्याकडील चुलीत हे काम गरम हवेच्या ओढीवर चालते. आधार, सरळपणा आणि सफाई यांचे महत्त्व मात्र दोन्हीकडे सारखेच.

महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड झाल्यावर, बांबूला चिंधी बांधून नळी वरून खालपर्यंत साफ करावी. बुजलेल्या नळीमुळे बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून रात्री निखारे धुमसत असताना खिडकी थोडी उघडी असू द्यावी.

घराचा जमाखर्च मांडताना सरपणाचा हिशेब होतो, औषधांचाही होतो. नळी, पट्ट्या आणि महिन्याची अर्ध्या तासाची सफाई यांसाठीही त्यात एक ओळ असावी. ती खर्चाच्या बाजूला लिहिली, तरी तिची जमा घरातल्या प्रत्येक श्वासात होत राहते.