रंग, वास, चव आणि माशांचं पाणी

रेवदंड्यात काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्याची थोडी थट्टा होतेच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, बाजारात ताजी मासळी, आणि हा माणूस दीड इंचाच्या माशांकडे बघत बसलेला. थट्टेचं काही नाही. मला बोलायचंय ते या टाक्यांमधल्या मरणाबद्दल. ईदी म्हणून किंवा वाढदिवसाला मुलाला टाकी मिळते. त्याच दिवशी पिशवीतून मासेही येतात. आठवड्याभरात एकेक करून ते वर तरंगू लागतात. घरातले मोठे म्हणतात, हे मासे नाजूकच असतात. पण बहुतेक वेळा ते विषाने मेलेले असतात.

मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाणी मात्र आरशासारखं लख्ख दिसतं, आणि आपली फसगत इथेच होते.

आपल्याला पाण्याचा विचार लहानपणीच शिकवलेला असतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, त्यामुळे मकतबात कुल्लतैनचा मसला येतोच. पाणी दोन मोठ्या रांजणांएवढं, आजच्या मापात साधारण दोनशे लिटर असेल, तर नजासत पडली तरी रंग, वास किंवा चव बदलल्याशिवाय ते नापाक होत नाही. मसला वुजूचा आहे, माशांचा नाही. तरी त्यातली एक गोष्ट टाकीला लागू पडते: पाणी जितकं जास्त, तितकं ते घाण सोसतं. दुसरी मात्र अजिबात लागू पडत नाही. रंग, वास, चव या तिन्ही कसोट्यांवर उतरलेलं पाणी माशाला मारू शकतं.

"आमच्या विहिरीत गप्पी मासे आहेत, त्यांना कुठे फिल्टर लागतो?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरींत गप्पी सोडतात आणि ते मजेत जगतात, हे खरंच आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद जुन्या तलावावर उभी आहे, तिच्या हौदातही मासे आणि कासवं आहेत. पण विहिरीत हजारो लिटर पाणी, दगडांवर शेवाळ आणि त्या मानाने मूठभर मासे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत मात्र जेमतेम पन्नास लिटर पाणी मावतं. विहिरीच्या भिंती जे काम करतात, ते इथे फिल्टरला करावं लागतं.

आणि ते काम गाळण्याचं नाही. कचरा अडवणं हे फिल्टरचं दुय्यम काम. खरं काम त्याच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू दुकानातून आणलेल्या नव्या फिल्टरवर नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे मासे आणि फिल्टर एकाच दिवशी विकणं म्हणजे दूध आणि भांडं देऊन आजच दही खा म्हणण्यासारखं आहे. विरजणाचा उपाय इथेही चालतो: कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर आपल्या टाकीत टाका, वेळ पुष्कळ वाचतो.

मांजरीला कोंडून ठेवून, खायला न देता आणि बाहेर जाऊन शोधूही न देता मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. टाकीतल्या माशाला तर दुसरं पाणी शोधायची सोयच नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की दुकानदाराने आधी टाकी आणि फिल्टरच विकावा, मासे महिन्याने द्यावेत. गिऱ्हाईक एक फेरी जास्त मारेल, एवढंच. आणि फिल्टरशिवायच्या गोल बरणीत मासा घालून भेट देणं तर बंदच व्हायला हवं.

फिल्टर कोणता, याचं उत्तर आपल्या गावात विजेकडे बघून द्यावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा या किनाऱ्यावर कित्येक दिवस अंधार होता. एरवीही पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. बंद डब्याचा महागडा फिल्टर काही तास थांबला की आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर टाकीच्या पाण्यातच उघडा असतो, म्हणून जास्त तग धरतो. त्याचा छोटा पंप चारपाच वॅटचा, इन्व्हर्टरवर सहज चालतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. इन्व्हर्टरही संपला तर माशांना खाणं देऊ नका आणि अधूनमधून तांब्याने टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतत राहा.

स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरीनने सगळी वस्ती मरते. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात दोनचारदा पिळायचा, तपकिरी राहिला तर राहू द्यायचा. "दर महिन्याला नवा घाला" हा सल्ला विकणाऱ्याच्या सोयीचा आहे.

महिनाभर रिकामी टाकी बघून मूल कंटाळतं, ही तक्रार रास्त आहे. मग रोज चिमूटभर खाणं टाकायचं काम त्याला द्या. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. थेंबांचा तपासणी संच मिळतो, तो आणा. अमोनियाच्या नळीतलं पाणी आधी पिवळं, मग हिरवट, आणि काही आठवड्यांनी पुन्हा पिवळं होतं. तारीख आणि रंग वहीत लिहायला लावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग काही दिवस शून्य दिसले, की थोडं पाणी बदलून पहिले दोनतीन मासे आणायला त्यालाच घेऊन जा.