आपली नावं कोण जुळवणार?

"मराठीत मुसलमानांनी लिहिलंय तरी किती?" अकोला-अमरावतीच्या शिक्षक खोल्यांत हा प्रश्न मी 20 वर्षं ऐकतोय. उत्तरात दोनच नावं येतात: शेख महंमद आणि हमीद दलवाई. मधली 300 वर्षं कोरी!

कोरी नाहीत. आपली नावं सूचीत फुटली आहेत. आडनाव आधी लिहायच्या रीतीने अब्दुल रहमान 'रहमान, अब्दुल' होतो. 'अब्दुल' म्हणजे '-चा बंदा'. पुढचा शब्द तोडला की नावच अर्धं. शेख, शैख, शेख्: एकच लेखक तीन जागी.

'ओपनरिफाइन' हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आपल्याच संगणकावर चालतं. सूची टाका, सारखी दिसणारी नावं ते एकत्र दाखवतं. पण दोन शेख एकच की वेगळे, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते आपणच ठरवायचं.

अनुदानाची वाट बघणाऱ्यांनो, शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 ची मराठी ग्रंथसूची संगणकाशिवाय केली. तुमच्याकडे लॅपटॉप आहे. या सुट्टीत गावच्या वाचनालयाची नोंदवही उतरवून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी कुणी "किती?" विचारलं, तर रागावू नका.