पिस्तूल बदलायचंय? पारावरचा सौदा अंगलट येईल

"माझं पिस्तूल तू घे, तुझं मला दे, वर थोडे पैसे देतो." बैलजोडीच्या अदलाबदलीसारखा हा सौदा वाटतो. दोघांकडे परवाना आहे, मग अडचण काय?

अडचण अशी, की परवान्यावर ठरावीक शस्त्राची नंबरासकट नोंद असते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार, आपलं शस्त्र दुसऱ्याला देण्याआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. 'जुनंही ठेवू, नवंही घेऊ' म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे.

आता फायद्याचं बघू. ९ एमएम सामान्य परवान्यावर मिळत नाही. सरकारी कारखान्यातली स्वस्त पिस्तुलं .३२ बोअरची. म्हणजे काडतूस तेच; फरक वजनाचा, पकडीचा अन् किती वापरलंय याचा. जुनं अडत असेल, तर आधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा. तेवढ्यानं भागलं, तर बदलायची गरजच काय?

तरी बदलायचंच असेल, तर आधी कागद, मग व्यवहार. सौद्यात बुडालेले पैसे परत कमावता येतात, गेलेला परवाना सहजी परत मिळत नाही.