हत्तीचे पाय आणि माहुताचा खोकला

कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण, गावकऱ्यांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या ‘वनतारा’त गेली. तीन दशकांहून अधिक काळ गावात वावरलेल्या या हत्तिणीसाठी लोक रस्त्यावर उतरले, अनेकांनी मोबाइलची कंपनीही बदलली. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. न्यायालयापुढे आलेल्या तपासणी अहवालांत तिच्या पायाच्या आजाराची, वाढलेल्या नखांची, जखमांची आणि सतत मान डोलवण्याची नोंद होती. ही मान डोलवण्याची लकब पाहून हत्ती खुशीत आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती दीर्घकाळ एका जागी, एकट्याने बांधून ठेवल्याची खूण असते.

गावकऱ्यांचे प्रेम खोटे नव्हते. मधुमेही आजोबांना पेढा भरवणारी नातवंडेही प्रेमापोटीच भरवतात.

हत्तीचा पाय खांबासारखा दिसतो, पण आतली हाडे बोटांच्या टोकांवर उभी असतात आणि त्यांच्यामागे चरबीची जाड गादी असते. जंगलात मातीवरून रोज मैलोन्‌मैल चालताना नखे आणि तळवे आपोआप झिजतात. सिमेंटच्या ओल्या फरशीवर, स्वतःच्या मलमूत्रात, साखळीच्या टप्प्यात उभ्या असलेल्या हत्तीची नखे मात्र वाढतात, चिरतात. चिरेतून जंतू आत शिरतात आणि हाडापर्यंत पोहोचतात. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम ज्याने पाहिली आहे त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की माणसाचा पाय कापून जीव वाचवता येतो. तीन-चार टनांच्या जनावराच्या बाबतीत ती वाट जवळजवळ बंदच असते. पाळीव हत्तींच्या मृत्यूमागे पायांचे विकार आणि संधिवात ही मोठी कारणे आहेत ती यामुळेच.

म्हणून हत्तीची ‘सुटका’ गाडीतून उतरल्यावर संपत नाही. रोज कोमट औषधी पाण्यात पाय बुडवणे, नखे कानशीने घासणे, झोपताना रेलायला वाळूचा ढीग, सांध्यांवरचा भार हलका करणारा खोल पाण्याचा हौद आणि सोबतीला दुसरा हत्ती, हे सारे पुढची वीस-तीस वर्षे चालवावे लागते. मथुरेजवळ २०१८ मध्ये हत्तींचे स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले ते याच गरजेतून. आणि जिथे पर्यटक हत्तीवर बसतात किंवा पैसे मोजून त्याला आंघोळ घालतात, त्या जागेला पाटीवर काहीही लिहिले असले तरी अभयाश्रम म्हणता येणार नाही. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ मध्ये अशाच आंघोळीच्या वेळी हत्तिणीने केलेल्या हल्ल्यात एका परदेशी तरुणीचा जीव गेला.

दुसरा विषय क्षयरोगाचा. तो क्वचितच कुणी काढतो. हत्तींना होणारा क्षय बहुधा माणसाच्याच क्षयजंतूमुळे होतो आणि तो माणसाकडून हत्तीला, हत्तीकडून माणसाला असा दोन्ही दिशांनी जातो. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एका फार्मवर चार हत्तींमध्ये हा जंतू सापडला. तिथल्या २२ कर्मचाऱ्यांपैकी ११ जणांची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह आली, एकाला प्रत्यक्ष क्षय झाला. २००९ मध्ये टेनेसीतील एका हत्ती अभयारण्यात नऊ कर्मचाऱ्यांना संसर्ग झाला. त्यांतले काही जण हत्तीच्या जवळही गेले नव्हते. म्हणजे चांगल्या हेतूने चालवलेल्या जागेतही हे घडते.

आपल्याकडे क्षय घरोघरी आहे आणि माहूत हत्तीच्या शेडलगतच झोपतो. हत्तीची तपासणी सोंडेत सलाइन सोडून, ते पिशवीत परत घेऊन करतात. तीन वेगवेगळ्या दिवशी. माहुताची तपासणी त्याहून कितीतरी सोपी, तरी ती होत नाही. त्याचा पगार, विमा, खोकला यांची चौकशी कुणी करत नाही. हत्ती नेला की माहुताचे काय होते, हा प्रश्नही असाच अनुत्तरित राहतो.

आंदोलनानंतर नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यात पाण्यातील उपचारांसाठी तलाव, वाळूचे ढीग, मऊ जमीन, साखळीविना मोकळा वावर, चोवीस तास पशुवैद्यक अशा गोष्टी आहेत. कागदावर हे बरोबरच आहे. पण तिला तिथे दुसऱ्या हत्तीची सोबत मिळणार का? सणाच्या दिवशी गूळ-केळी घेऊन आलेल्या गर्दीला कुंपणाबाहेर थांबवण्याचा अधिकार डॉक्टरांना असेल, की विश्वस्तांना? आणि कर्मचाऱ्यांची दरवर्षी क्षयतपासणी कोण करणार? सरकारी क्षयरोग केंद्रात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. त्यासाठी वनखात्याकडून आरोग्य विभागाला एक पत्र जावे लागेल, तेही पहिला हत्ती तिथे उतरण्याआधी.