विश्लेषण : लोणचे, मसाला, कुंकू... टपालाने कसे पाठवावे?

दिवाळी जवळ आली की परदेशातील मुलाबाळांसाठी फराळाची पार्सले निघतात. चकली, शंकरपाळ्यांच्या सोबतीला लोणचे, गोडा मसाला, मेतकूट, हळद-कुंकूही जाते. मात्र द्रव आणि पूड यांच्या बांधणीचे नियम वेगळे आहेत. ते चुकल्यास नुकसान पाठवणाऱ्यापुरते राहत नाही. एक बरणी फुटली तर त्याच पिशवीतील दुसऱ्याची औषधे वा कागदपत्रेही तेलात भिजतात.

द्रव पदार्थांसाठी नियम काय?

देशोदेशीच्या टपालाचे नियम १८७४ मध्ये स्थापन झालेला जागतिक टपाल संघ ठरवतो. भारत १८७६ पासून त्याचा सदस्य आहे. द्रवाबाबत संघाचे सूत्र सोपे आहे : आतले भांडे फुटेल, असे गृहीत धरूनच बांधणी करावी. भांडे पूर्णपणे गळतीरोधक हवे. ते धातू, लाकूड, मजबूत प्लास्टिक किंवा जाड पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. मधल्या जागेत कापूस, भुसा यांसारखे शोषक साहित्य हवे, आणि तेही सगळा द्रव शोषला जाईल इतके. नुसता फुगेदार प्लास्टिकचा कागद धक्का झेलतो, तेल शोषत नाही.

पुडीसाठी वेगळे काय?

साधी कोरडी पूड घट्ट डब्यात आणि तो डबा पुन्हा खोक्यात, अशी दुहेरी बांधणी लागते. रंग सोडणारी पूड याहून कडक नियमात येते : गळतीरोधक धातूचा डबा, बाहेर मजबूत खोके आणि दोहोंमध्ये शोषक साहित्य. कुंकू, गुलाल पाठवताना हाच मार्ग धरावा.

पुडीकडे संशयाने का पाहतात?

२००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जिवाणू असलेली पूड पाठवण्यात आली. त्यात पाच जणांचा मृत्यू झाला आणि १७ जण आजारी पडले. त्यानंतर पाकिटातून सांडलेली अनोळखी पूड ही टपाल यंत्रणेसाठी सुरक्षेची बाब झाली. मेतकूट निरुपद्रवी असते, पण फुटलेल्या पुडीवर नाव नसेल तर तपासणाऱ्याला ते कळणार कसे?

विमानात काय बदलते?

उड्डाणात मालकक्षातील हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. त्यामुळे हवाबंद पाकिटातील हवा प्रसरण पावते, पाकीट फुगते आणि कच्ची शिवण उसवते. म्हणून पाकिटातली हवा काढून ते बंद करावे. बरणी काठोकाठ भरू नये, झाकणाभोवती चिकटपट्टी लावावी आणि बरणी स्वतंत्र प्लास्टिक पिशवीत बांधावी. थंडीत गोठलेले खोबरेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. त्यामुळे घरी घट्ट दिसले तरी ते द्रव समजूनच बांधावे.

काय पाठवूच नये?

अल्कोहोलयुक्त परफ्यूम, नेलपॉलिश, सॅनिटायझर हे ज्वलनशील द्रव आहेत. कापूरही ज्वलनशील आहे. बांधणी कितीही चांगली असली तरी अशा वस्तू हवाई टपालात घालू नयेत. याशिवाय प्रत्येक देशाचे स्वतंत्र निर्बंध असतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, म्हणजे अनारसे आणि खसखस घातलेला मसालाही अडचणीत आणू शकतो. युरोपीय संघात बाहेरील देशांतून खासगी पार्सलने दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई असल्याने साजूक तुपाची बरणी तिथे अडते.

भरपाई मिळते का?

१८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय कायदा, २०२३ नुसार, पार्सल हरवणे, खराब होणे किंवा उशिरा पोहोचणे याची जबाबदारी टपाल खात्यावर नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच असते. त्यामुळे मुख्य विमा म्हणजे चांगली बांधणी. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात ‘खाद्यपदार्थ’ असे मोघम न लिहिता ‘कैरीचे लोणचे, ५०० ग्रॅम’ असा नेमका तपशील इंग्रजीत द्यावा. प्रत्येक पुडीवरही नाव लिहावे. पार्सल उघडले गेले, तर पाठवणाऱ्याच्या वतीने तेवढी चिठ्ठीच बोलते.