म्यूट बटण

मार्चमधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल चालू, रिलीजमध्ये काहीतरी फुटलेलं. आई दारात आली आणि हळूच म्हणाली, "जेवायला वाढू का रे?" मी खेकसलो, "दिसत नाही का कॉलवर आहे ते? काही अक्कल?" मग स्क्रीनकडे लक्ष गेलं. म्यूट केलेलंच नव्हतं.

क्लायंटला मराठी येत नाही, पण खेकसणं कुठल्याही भाषेत कळतं. मी लगेच मऊ आवाजात सॉरी म्हणालो. क्लायंटला. आईला म्हणायचं राहिलं, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी सुचलं.

या वागण्याला आपल्याकडे एक तयार सबब आहे: दिवसभर बाहेर गोड वागून माणूस थकतो, संयम संपतो, मग घरी स्फोट होतो. हिला विज्ञानाचाही टेकू होता. १९९८ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी काही जणांना समोरची चॉकलेट बिस्किटं सोडून मुळा खायला लावला. त्या लोकांनी नंतरची कोडी लवकर सोडून दिली. निष्कर्ष काय, तर संयम हा मर्यादित साठा आहे, वापरला की संपतो. पण २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोकांना घेऊन याच कल्पनेची पुन्हा चाचणी केली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

मला खरं तर तेवीस प्रयोगशाळांची गरज नव्हती. त्या रात्री आईसाठी माझी बॅटरी शून्यावर होती आणि अर्ध्या सेकंदात क्लायंटसाठी शंभरावर गेली. असा चार्जर अजून निघालेला नाही. थकवा खोटा नसतो, मान्य. पण तो कुणावर काढायचा हे मी बरोबर निवडलं होतं. मॅनेजरवर ओरडलो तर अप्रेझल जातं, क्लायंटवर ओरडलो तर प्रोजेक्ट. आईवर ओरडलो तर काय जातं? ती तरीही ताट वाढते. वड्याचं तेल वांग्यावर, ही म्हण आपण हसत वापरतो. दर वेळी वांगंच का, हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडे ही परंपरा जुनी आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते. प्रवासी अजूनही रस्त्यात थांबवून सांगतात, "काय गोड माणूस!" आम्ही भावंडं त्यांच्या चपलांचा आवाज आला की टीव्ही बारीक करायचो.

दुसरी सबब जास्त चलाख आहे: "घरातच तर माणूस खरा असतो." ठीक आहे. मग आपल्या प्रोफाइलवर तोच लिहूया ना. "टीम प्लेअर, आईवर खेकसतो."

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान करणं, नावं ठेवणं हेही शाब्दिक आणि भावनिक छळात धरलंय. आणि तो कायदा फक्त बायकोपुरता नाही, एकाच घरात राहणाऱ्या आईलाही त्याचं संरक्षण आहे. हे वाचलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती, "छे, आमच्या घरात असलं काही नाही." बाबांनाही विचारलं असतं तर ते हेच म्हणाले असते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ. पण ही 'एवढीशी' गोष्ट ठरवणार कोण, खेकसणारा? जवळचं माणूस सोडून जाणार नाही याची आपल्याला खात्री असते आणि त्या खात्रीला आपण प्रेम म्हणतो. आईकडे ना दुसरं घर आहे, ना पगार. तिच्या सहनशीलतेत माया किती आणि नाइलाज किती, याचा हिशेब मी कधी केलेला नाही, कारण तो मला परवडणारा नाही.

तीन दिवसांनी मी तिला सॉरी म्हणालो. "अरे, कामाचं टेन्शन असतं, कळतं मला," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

हल्ली ती दारात येत नाही. साडेनऊला स्वयंपाकघरातून व्हॉट्सअ‍ॅप येतो, "वाढू?" माझी खोली तिथून दहा पावलांवर आहे.