तीन महिन्यांपूर्वीचं ताट

डाएट सुरू करून महिना झाला की भेटणारे म्हणतात, ‘अगं, किती बारीक झालीस!’ चौथ्या महिन्यात तीच बाई आपणहून विषय काढते, ‘केस बघ ना, निम्मे राहिलेत.’ मधल्या काळात शांपू बदललेला असतो, तेल बदललेलं असतं, आणि बाई पुण्याच्या नव्या सोसायट्यांपैकी एखाद्या सोसायटीत राहत असेल तर टँकरच्या पाण्यावर खापर फुटलेलं असतंच.

माझ्या भाचीचंही तेच झालं. ऑगस्टमध्ये साखरपुडा, फेब्रुवारीत लग्न. ब्लाउजची मापं द्यायच्या आत दहा किलो उतरवायचे असा तिचा पण होता आणि पोरीनं तो जवळजवळ पुरा केला. दिवाळी संपता संपता फोन आला. ‘मावशी, बाथरूमच्या जाळीत रोज एवढी गुंतवळ अडकतेय. हे वाकडचं पाणीच वाईट आहे गं.’

खाऱ्या पाण्यानं केस राठ होतात, गुंततात, मधेच तुटतात हे खरं. पण तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. मी तिला म्हटलं, गळालेला केस उजेडात धर आणि टोकाला पांढरा बारीक दाणा दिसतो का बघ. दाणा होता. मग तर ती रडायलाच लागली, ‘म्हणजे मुळासकट निघतायत!’ तसं नसतं. तो दाणा म्हणजे मूळ नव्हे. विश्रांतीला गेलेल्या केसाचं ते वाळलेलं टोक. ज्या खळग्यातून केस उगवतो तो कातडीत जागच्या जागी असतो आणि बहुतेक वेळा तिथे पुढच्या केसाची तयारीही सुरू झालेली असते. दाणा दिसला म्हणजे केस आपली मुदत संपवून पडला. प्रश्न इतकाच, की एवढ्या साऱ्यांची मुदत एकदम कशी संपली?

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के कुठल्याही वेळी वाढत असतात. एकेका केसाचा हा वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा. मग दोन-तीन आठवडे आवराआवर, मग साधारण तीन महिने मुक्काम आणि शेवटी गळणं. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असल्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळूनही आपल्या ते ध्यानात येत नाही. शरीराला मोठा धक्का बसला की हे वेळापत्रक बिघडतं. वाढीत असलेले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीला जातात. गंमत अशी, की ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिने डोक्यावर तसेच राहतात आणि मग सगळे मिळून निघतात. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराला ‘टेलोजन एफ्लुव्हियम’ असं नाव दिलं. टायफॉइड, डेंगी, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, कोविड यांनंतर जे केस जातात ते याच वाटेनं. झपाट्यानं उतरवलेलं वजन हाही शरीराच्या लेखी असाच धक्का. ते वजन आपण हौसेनं उतरवलं की आजारपणात उतरलं, हे शरीराला कळायचा मार्ग नाही.

म्हणून नोव्हेंबरात गळणाऱ्या केसांचं कारण नोव्हेंबरातल्या शांपूत शोधण्यात अर्थ नसतो. ते ऑगस्ट-सप्टेंबरातल्या ताटात शोधायचं. मी भाचीला ते ताट विचारलं. सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध. दुपारी एक फुलका, वाटीभर पातळ वरण, दुधीची किंवा पडवळाची भाजी, काकडी. चारला ग्रीन टी. सातच्या आत भाज्यांचं सूप आणि पपई. बस्स. ती हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगत होती.

आता हिशेब करा. फुलक्यात तीन ग्रॅम प्रथिनं, पातळ वरणात पाचेक, भाजी-सूप मिळून आणखी चार-पाच. दिवसाकाठी पंधरा ग्रॅमसुद्धा धड भरत नाहीत. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. सत्तर किलोच्या मुलीला झाले ५८ ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू झिजू नयेत म्हणून आहारतज्ज्ञ याहूनही थोडं जास्त, किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, खायला सांगतात. ही पोरगी चौथ्या हिश्शावर जगत होती आणि पोटात जाणारी एकूण ऊर्जा तर हजार कॅलरींच्या पुष्कळच खाली. पगार निम्म्यावर आला की घरात दूध-भाजी चालू राहते आणि ओटीटीची वर्गणी बंद होते. शरीरही तेच करतं. हृदय, मेंदू, यकृत यांचं आधी बघतं. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच, आणि त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे, की वरण-भात म्हणजे प्रथिनं. असतात, पण त्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती ते बघा. त्यापेक्षा झुणका बरा. चाळीस ग्रॅम बेसनात आठेक ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच मटकीची उसळ केली तर नऊच्या आसपास. दोन अंडी म्हणजे बारा, शंभर ग्रॅम पनीर म्हणजे अठराएक, मूठभर शेंगदाणे म्हणजे सहा-सात. सोयाबीनच्या वड्यांची चव मला अजून आवडलेली नाही, पण पन्नास ग्रॅम वड्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं मिळतात, त्यामुळे तोंड बंद ठेवते. खाणाऱ्यांच्या घरी बांगडा, सुकट, जवळा आहेच. आणि उपवासाच्या नावानं साबुदाणा खाऊन वजन उतरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की त्या खिचडीत प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. साबुदाण्यात नावालासुद्धा नसतात.

‘दोनदाच जेवायचं’ या पद्धतीवरही हल्ली सगळा राग निघतो. मला तो अन्याय वाटतो. दोनदा जेवा की चारदा, त्या ताटांत काय वाढलंय हा मुद्दा. दोन भरलेली ताटं जेवणाऱ्याचे केस शाबूत राहतील आणि दिवसातून सहा वेळा कुरमुरे चघळणारीचे जातील.

प्रथिनांच्या खालोखाल लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही. म्हणजे डाएटला सुरुवात होते तीच मुळी रिकाम्या कोठारानिशी. पुष्कळदा हिमोग्लोबिन ठीक निघतं आणि तरी साठ्यातलं लोह खरवडलेलं असतं. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत दिसतो. केसांच्या तक्रारीत डॉक्टर बहुधा रक्ताची साधी तपासणी, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढं बघतात. केस गळताहेत म्हणून पाच हजारांचं पॅकेज घ्यायची गरज नसते. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासभर थांबायचं. पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळलं की उलट फायदा होतो. बाळंतिणीला हळिवाचे लाडू द्यायची आपली पद्धत मला यासाठीच शहाणपणाची वाटते. हळिवात लोह चांगलं असतं आणि बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस जातात तेही याच जातीचे.

इथवर वाचून कुणी औषधाच्या दुकानाकडे निघालं असेल तर जरा थांबा. ‘हेअर, स्किन अँड नेल्स’ असं लिहिलेल्या गोळ्यांचा आता महापूर आलाय. त्यांत बायोटिन ठासून भरलेलं असतं, आणि बायोटिनची खरी कमतरता फारच थोड्यांत सापडते. वर, जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. तपासणीला जाताना या गोळ्या चालू आहेत हे सांगायलाच हवं. सेलेनियमचं प्रकरण याहून गंभीर. २०२४ संपताना आणि २०२५ च्या जानेवारीत बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत, लोकांचे केस काही दिवसांत जाऊन टक्कल पडू लागलं होतं. तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला. आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या संशोधनानं जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे शोध घेतला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम बेसुमार वाढलेलं आणि जस्त कमी असल्याचं सांगून त्यांनी रेशनच्या गव्हावर बोट ठेवलं. जे खनिज चिमूटभर हवं असतं तेच वाढलं की केस घालवतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र चालू असतील तर पाठीमागची बारीक अक्षरं वाचून बेरीज करा.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली प्रत्येक समारंभात कुणीतरी हळूच विचारतं. तिर्झेपाटाइड भारतात आलं २०२५ च्या मार्चमध्ये, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या सुमारे तीन टक्के लोकांनी केस गळत असल्याचं सांगितलं. नुसतं दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्का होतं. औषध थेट केसांवर घाला घालतं असं मानण्यापेक्षा वजन झरझर उतरतं आणि भूकच मरते, त्यात प्रथिनं खाल्ली जात नाहीत, हे कारण तज्ज्ञांना जास्त पटतं. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतही हेच घडतं. भूक नसली तरी ताटातली उसळ आणि अंडं आधी संपवायचं, मग बाकीचं, असं या लोकांना सांगतात.

सगळंच डाएटवर ढकलूनही चालायचं नाही. पीसीओडी असलेल्या मुलींना डॉक्टरच वजन कमी करायला सांगतात, आणि त्यांच्यात हार्मोन्समुळे केस बारीक होण्याची वेगळी प्रक्रिया आधीपासून चालू असू शकते. तिथे केस पुंजक्यानं गळत नाहीत, भांग हळूहळू रुंद होत जातो. अचानक गळती सुरू झाली की ही जुनी विरळताही एकदम उघडी पडते. मिनॉक्सिडिलचा खरा उपयोग अशा ठिकाणी, तोही डॉक्टरांनी सांगितल्यावर. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यानं गळती वाढल्यासारखी वाटते आणि घाबरून बाया ते सोडून देतात. रुपयाएवढी गोल चाई पडली, टाळूवर खवले किंवा फोड आले, तर तो प्रकार निराळा. काहीही न करता वजन घटतंय आणि केसही जाताहेत, असं असेल तर आधी डॉक्टरकडे जा. थायरॉइड, मधुमेह, क्षय यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. अशा वेळी ‘बारीक झालीस’ म्हणून कुणी कौतुक केलं तर त्यावर खूश होऊ नका.

तेलाचं विचारल्याशिवाय मराठी माणसाचं समाधान होत नाही. खोबरेल चांगलंच. ते केसाच्या दांडीत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिलं. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हेही सांगून टाकते, पण प्रयोग नेटका होता. तरी हा फायदा डोक्यावर असलेल्या केसाला. विश्रांतीला गेलेला केस चंपीनं परत कामाला लागत नाही. आणि गळतात म्हणून न्हाणं लांबवू नका. चार दिवसांचे गळालेले केस एकाच दिवशी हातात आले की उगाच धडकी भरते.

भाचीच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक, फेरिटिन तळाला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. ताटात सकाळी दोन अंडी, दुपारी उसळ किंवा झुणका, रात्री पनीर नाहीतर मासे आले. वजन उतरवणं थांबवलं नाही, फक्त महिन्याला चार किलोंऐवजी दोन. गळती आटोक्यात यायला तीन ते सहा महिने लागतात हे तिला पटलं, पण पुढचं गणित तिनंच घातलं. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे आत्ता उगवायला लागलेले फेब्रुवारीत जेमतेम तीन सेंटिमीटर होतील आणि कपाळावर ताठ उभे राहतील. ‘मग मावशी, मी अंबाडा कशाचा घालू?’

गंगावन लाव, म्हटलं. आमच्या आजीच्या काळात बाया आपलीच गुंतवळ जपून ठेवायच्या आणि त्याचं गंगावन करून लग्नाकार्यात मिरवायच्या. आता पार्लरवाली त्यालाच एक्स्टेंशन म्हणते. फक्त क्लिपचं घे, चिकटवायचं नको, आणि तिला बजावून सांग की अंबाडा ओढून घट्ट बांधू नकोस. ओढ बसली की कानाजवळचे केसही जातात. भाची थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘साठवलेली गुंतवळ कुठून आणू? मी तर रोज फेकतेय.’